वहीतले तीन रकाने

स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मी दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी जात असे आणि प्रत्येक वेळी मला तेच तीन प्रश्न विचारले जात. वजन आणि रक्तदाब घेणाऱ्या सिस्टर थकवा कसा आहे म्हणून विचारत, शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर काखेतला व्रण चाचपताना दुखते का म्हणून विचारत, आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर कागदावरची नजर न उचलता झोप लागते ना म्हणून विचारत. मी तिघांनाही ‘ठीक आहे’ असेच सांगत असे. ज्या आजारात माणूस जिवानिशी जाऊ शकतो त्यातून वाचलेल्या बाईने रात्री झोप येत नाही म्हणून कुरकुर करावी, हे माझे मलाच बरे वाटत नव्हते. शिवाय रिपोर्ट चांगले होते, आणि रिपोर्ट चांगले असताना तक्रार करणे म्हणजे जणू नशिबाच्या पुढ्यात उभे राहून हट्ट करणे, अशी काहीशी माझी समजूत होती.

प्रत्यक्षात माझे तिन्ही बाबतींत काहीही ठीक नव्हते. मला दिवसभर उठवत नव्हते, सांधे आणि काख दुखत होती, आणि रात्री दोन-अडीचला जाग आली की पहाटेपर्यंत डोळा लागत नव्हता. हे तीन त्रास वेगवेगळे आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांचे डॉक्टरही वेगळे आहेत, असे मी वर्षभर धरून चालले होते. तिन्ही त्रास एकमेकांत अडकलेले आहेत आणि एकाला हात घातल्याशिवाय दुसरा सैल होत नाही, हे मला एका साध्या रेघी वहीमुळे कळले. त्या वहीबद्दल लिहायचे म्हणून हा लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. जे वाचले, जे विचारून घेतले आणि जे अंगावर काढले तेवढेच मला लिहिता येईल.

आधी थकव्याबद्दल लिहिते, कारण तो समजावून सांगणे सर्वांत अवघड गेले. आपल्या भाषेत दमणे, थकणे, शिणणे, भागणे अशी कितीतरी क्रियापदे आहेत, पण त्या प्रत्येकाच्या मागे केलेले काम उभे असते. दमायला आधी काहीतरी करावे लागते, आणि दमल्यावर झोपले की माणूस ताजातवाना होतो. कर्करोगातला थकवा या दोन्ही नियमांना जुमानत नाही. वैद्यकीय व्याख्येतही नेमके हेच सांगितलेले आहे, की हा थकवा केलेल्या श्रमांच्या प्रमाणात नसतो, तो विश्रांतीने जात नाही, आणि तो शरीराइतकाच मनाचा आणि बुद्धीचाही असतो. त्यातल्या त्यात ‘गळून जाणे’ हा आपला शब्द जवळचा वाटतो, कारण गळण्यात कर्तृत्व नाही. ते आपोआप होते. सकाळी दात घासून झाले की मी पलंगाच्या कडेवर बसत असे आणि केस विंचरायला हात वर नेण्याआधी मला मनाची तयारी करावी लागत असे. वर्तमानपत्रातल्या एका परिच्छेदाच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असे. घरातल्या माणसांना पहिली गोष्ट दिसत असे, दुसरी दिसत नसे, आणि खरे सांगायचे तर मला दुसरीचीच भीती अधिक वाटत असे.

उपचारांच्या काळात या थकव्याला निदान वेळापत्रक होते. केमोच्या प्रत्येक सायकलनंतरचे पहिले काही दिवस सर्वांत वाईट जात, आणि पुढच्या सायकलची तारीख जवळ येईपर्यंत माणूस थोडा सावरत असे. रेडिएशनचे उलटे होते. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवले नाही, मग थकवा दिवसागणिक साचत गेला, आणि शेवटच्या दिवसांत तो सर्वांत जास्त होता. त्यानंतर काही आठवड्यांनी तो ओसरतो असे सांगितले होते, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत तसे होतेही. मात्र सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांची अमेरिकेत पाहणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्यात साधारण एकतृतीयांश स्त्रियांनी उपचार संपल्यानंतरही बराच थकवा असल्याचे सांगितले, आणि ज्यांना थकवा अधिक होता त्यांच्यात नैराश्य, दुखणे आणि झोपेच्या तक्रारीही अधिक होत्या. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपण आळशी झालेलो नाही.

माझे केस परत आले आणि घराला मी बरी झाले असे वाटले. यात कोणाचा दोष नाही. टक्कल हीच आजाराची दिसणारी खूण असते आणि ती पुसली गेली की आजारही पुसला गेला असे पाहणाऱ्याला वाटते. पण माझा सर्वांत कठीण काळ केस खांद्यापर्यंत आल्यावर सुरू झाला, आणि तेव्हा भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबलेली होती.

आता दुखण्याकडे वळते. ‘दुखते का’ या एका प्रश्नात माझी तीन वेगवेगळी दुखणी कोंबलेली होती आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पहिले शस्त्रक्रियेचे. काखेतल्या लसिका गाठी काढताना तिथून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक संवेदना वाहणारी नस ताणली जाते किंवा कधी कापली जाते. त्यामुळे माझ्या दंडाच्या आतल्या भागात एक तळहाताएवढी जागा बधिर झाली, आणि त्याच जागी आग होऊ लागली. ज्या कातडीला स्पर्श कळत नाही ती जळते कशी, हे मला कित्येक महिने उमगले नाही. मज्जातंतूला इजा झाली की तो एकीकडे खऱ्या संवेदना पोहोचवत नाही आणि दुसरीकडे खोट्या पाठवत राहतो, हे फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितल्यावर निदान आपल्याला भास होत नाहीत एवढी खात्री पटली. जखम भरून आल्यावर दुखणे थांबायला हवे, हा आपला साधा हिशेब या दुखण्याला लागू पडत नाही. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन वर्षांनी प्रश्नावली पाठवण्यात आली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ४७ टक्के स्त्रियांनी दुखणे असल्याचे आणि ५८ टक्के स्त्रियांनी बधिरपणा किंवा संवेदनेतले इतर बदल असल्याचे सांगितले. वय जितके कमी तितका धोका अधिक होता, आणि काखेतल्या गाठी मोठ्या प्रमाणावर काढलेल्या किंवा रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांनाही तो अधिक होता. जवळजवळ निम्म्या जणींना होणारा त्रास मला शस्त्रक्रियेआधी कोणी एका वाक्यानेही सांगितला नव्हता. मला त्या गोष्टीचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

दुसरे दुखणे पॅक्लिटॅक्सेल या केमोतल्या औषधाचे. ते सलाईनमधून घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायांची हाडे आतून ठणकू लागत आणि आठवडाभरात हा ठणका आपोआप विरत असे. तेच औषध हातापायांच्या बोटांना मुंग्या आणि बधिरपणा देऊन गेले, आणि तो बधिरपणा मात्र रेंगाळला. ठणक्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे नाही. तो येणार हे माहीत असे, जाणार हे माहीत असे, आणि ज्या दुखण्याला शेवट ठरलेला आहे ते सोसता येते.

तिसरे दुखणे रेडिएशननंतर सुरू झालेल्या गोळीचे. आजाराचे निदान झाले तेव्हा माझी पाळी थांबून दोन वर्षे झाली होती, म्हणून मला लेट्रोझोल देण्यात आले. या गटातल्या गोळ्या शरीरात उरलेसुरले इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होऊ देत नाहीत. ज्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात त्यांची त्यामुळे उपासमार होते, पण सांधेही त्याच इस्ट्रोजेनवर विसंबून असतात की काय असे वाटण्याइतके ते बोलू लागतात. ही गोळी घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना सांधेदुखी जाणवते आणि ती बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुरू होते. मला सकाळी उठल्यावर मूठ वळवता येत नसे. बाटलीचे झाकण उघडता येत नसे, आणि खुर्चीतून उठताना पहिली चार पावले मी माझ्या आजीसारखी टाकत असे. केमो काही महिन्यांत संपते. ही गोळी पाच वर्षे आणि कित्येकींना त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागते. दुखण्याला कंटाळून ती परस्पर बंद करणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. मीही एकदा नऊ दिवस बंद केली होती आणि कोणाला सांगितले नव्हते. सांधेदुखी किरकोळ म्हणून सोडून दिली तर तिची किंमत अशी मूळ उपचारालाच मोजावी लागते.

आणि या तिन्ही दुखण्यांच्या तळाशी एक भीती असते, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या बाईला एकदा कर्करोग झाला आहे तिला साधी पाठ दुखली तरी ती पाठ दुखत नाही. ती हाडात पसरलेल्या कर्करोगाची बातमी असते. मी डॉक्टरांना सरळ विचारले तेव्हा त्यांनी एक उपयोगी फरक सांगितला. हलत राहिल्यावर सैल होणारा, दोन्ही बाजूंना सारखाच असणारा, जागा बदलणारा आखडलेपणा बहुधा गोळीचा असतो. पण हाडात एकाच जागी टिकून राहणारे, पडून राहिले तरी न थांबणारे आणि आठवड्यागणिक वाढत जाणारे दुखणे पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला हवे. हा फरक कळल्यावर माझे दुखणे कमी झाले नाही, पण दुखण्याला चिकटलेली धास्ती बरीच कमी झाली, आणि रात्री दोन वाजता या दोहोंतला फरक फार मोठा असतो.

झोपेची घडी विस्कटायला सुरुवात नेमकी केव्हा झाली ते मला सांगता येते. केमोच्या आधी ॲलर्जी आणि मळमळ टाळण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात आणि ते माणसाला घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळून ठेवते. त्या रात्री मी टक्क जागी असे आणि डोके निरर्थक वेगाने धावत असे. पुढे मी सिस्टरना विचारले, तेव्हा घरी घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या शक्य तिथे सकाळी घेण्याची मुभा मिळाली. नंतर लेट्रोझोलमुळे रात्री छातीपासून मानेपर्यंत गरम लाट उसळू लागली. पांघरूण फेकायचे, घाम पुसायचा, पाच मिनिटांत थंडी वाजायची, पुन्हा पांघरूण ओढायचे. ज्या तरुण स्त्रियांची पाळी केमोमुळे एकाएकी थांबते, त्यांच्या बाबतीत या लाटा आणखी तीव्र असतात. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर झोपता येत नव्हते, आणि माझी आयुष्यभराची सवय नेमकी त्याच कुशीची होती.

पण ही सारी निमित्ते होती. निमित्त संपल्यावरही माझी झोप परतली नाही, आणि त्याचे कारण मी स्वतः होते. निद्रानाशाचा अभ्यास करणाऱ्या आर्थर स्पीलमन यांनी त्याची कारणे तीन थरांत मांडली होती. एखाद्याचा मूळचा स्वभाव किंवा प्रवृत्ती हा पहिला थर, झोप उडवणारे निमित्त हा दुसरा, आणि उडालेली झोप परत मिळवण्यासाठी माणूस जे उपाय करतो व त्यांतूनच निद्रानाश टिकवून धरतो तो तिसरा. हा तिसरा थर वाचताना मला स्वतःची दिनचर्या कोणीतरी लिहून काढल्यासारखे वाटले. रात्री झोप झाली नाही म्हणून मी दुपारी दोन तास झोपत असे. थकवा आहे म्हणून रात्री साडेआठलाच अंथरुणावर पडत असे. पहाटे जाग आली तरी ‘निदान शरीराला आराम मिळेल’ म्हणून सातपर्यंत लोळत असे. साडेदहा तास अंथरुणात आणि त्यातली झोप जेमतेम पाच तास, तीही तुकड्यातुकड्यांची. आजारी माणसाने आराम करावा, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते, आणि मी ते मनोभावे पाळत होते.

वही सुरू केली ती फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून. तिला फक्त दुखण्याचा आकडा हवा होता, शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतले सर्वांत वाईट. मी उगाच दोन रकाने वाढवले, एक थकव्याचा आणि एक झोपेच्या तासांचा. मला वाटत होते की वहीत सरळ साखळी दिसेल, म्हणजे दुखते म्हणून झोप येत नाही आणि झोप नाही म्हणून थकवा येतो. सहा आठवड्यांची पाने समोर ठेवून पाहिले, तर साखळी माझ्या समजुतीच्या उलट दिशेने अधिक घट्ट होती. खूप दुखलेल्या दिवसानंतरची रात्र कधी वाईट जाई, कधी बरी जाई; पण वाईट गेलेल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दुखण्याचा आकडा दोनाने चढलेला असे, आणि यात फारसा अपवाद नव्हता. शिवाय ज्या दिवशी थकव्यामुळे मी अधिक वेळ पडून राही, त्याच्या दुसऱ्या सकाळी सांधे अधिक आखडलेले असत आणि त्या रात्रीची झोपही पातळ झालेली असे. म्हणजे दुखणे, थकवा आणि झोप हे तिघे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गोल फिरत होते आणि मी त्यांना तीन वेगवेगळ्या दारांतून बाहेर काढू पाहत होते.

ही माझी एकटीची नोंद नाही, हे पुढे वाचनातून कळले. झोप तुटली की मेंदूची वेदना दाबून ठेवण्याची स्वतःची यंत्रणा दुबळी होते, आणि म्हणून झोपेचा दुखण्यावरचा परिणाम हा दुखण्याच्या झोपेवरील परिणामाहून अधिक ठळक दिसतो, असे या विषयातल्या संशोधकांचे मत आहे. कर्करोगाच्या रुग्णांमध्ये लक्षणे एकेकटी न येता घोळक्याने येतात, हा विचार मेरिलिन डॉड, क्रिस्टीन मियास्कोव्स्की आणि स्टीव्हन पॉल यांनी २००१ साली मांडला. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या परिचर्या विभागात काम करत होते, आणि त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला घोळका नेमका थकवा, वेदना आणि झोपेची तक्रार यांचाच होता. त्यांच्या मांडणीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की घोळक्यातल्या लक्षणांचे कारण एकच असण्याची गरज नाही. ती एकत्र असली की माणसाच्या रोजच्या हालचालींवर होणारा परिणाम मोजायला हवा. डॉक्टरांच्या खोल्यांपेक्षा हे परिचारिकांना आधी सुचले यात मला नवल वाटले नाही. रुग्णाची रात्र त्यांनीच पाहिलेली असते.

यामागे शरीरात काय घडत असावे, याचे एक स्पष्टीकरण मला पटले कारण ते अनुभवाशी जुळते. कडक ताप आलेला आठवून पाहा. अंग मोडून येते, उठवत नाही, झोप येते पण लागत नाही, आणि कोणाशी बोलू नये असे वाटते. त्या वेळी रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा यांसारखे दाह पसरवणारे संदेशवाहक रेणू वाढलेले असतात आणि मेंदू त्यांच्या सांगण्यावरून शरीराला अंथरुणात धाडतो. कर्करोग, शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांमुळेही हे रेणू वाढू शकतात, आणि काही स्त्रियांमध्ये ते उपचार संपल्यावरही पूर्वपदावर येत नाहीत. ताप नसलेला ताप असे मी माझ्यापुरते त्याचे नाव ठेवले आहे. मात्र प्रत्येक थकव्याचा दोष त्याच्यावर ढकलून गप्प बसू नये. रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉइड मंदावणे, नैराश्य, आणि केमोतील काही औषधांमुळे हृदयाची ताकद घटणे, ही तपासून पाहता येण्यासारखी आणि उपचार करता येण्यासारखी कारणे आहेत. माझे हिमोग्लोबिन खरोखर कमी निघाले, आणि ते वाढल्यावर जिन्याच्या मध्यावर थांबण्याची गरज राहिली नाही.

वही घेऊन मी पुढच्या तपासणीला गेले आणि तिघांनाही ती दाखवली. गोळ्यांच्या डॉक्टरांनी पाने उलटली, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “हे आपण आधी झोपेपासून धरू.” त्यांनी मला झोपेच्या गोळीऐवजी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. मला त्या वेळी ते अपमानास्पद वाटले, कारण माझा आजार मनाचा आहे असे त्यांना सुचवायचे आहे असा माझा समज झाला. प्रत्यक्षात निद्रानाशासाठीची वर्तन आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती हाच दीर्घकाळच्या निद्रानाशावरचा पहिला उपाय मानला जातो, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्येही तिचा उपयोग दिसून आलेला आहे. त्यातला मुख्य भाग ऐकायला क्रूर आहे. झोप कमी येते ना, मग अंथरुणातला वेळही कमी करा. माझी प्रत्यक्ष झोप पाच तासांची म्हणून मला साडेपाच तासांची मुदत मिळाली, रात्री साडेबारा ते सकाळी सहा. साडेबाराच्या आधी पडायचे नाही, साधारण वीस मिनिटे जागी राहिले तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे, दुपारची झोप बंद, आणि सकाळी सहाला काहीही झाले तरी उठून उजेडात जायचे. थकव्याने मोडलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे विनोदच आहे, असे मी बाईंना म्हणाले. पहिले दहा दिवस खरोखर भयंकर गेले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी सलग साडेचार तास झोपले आणि सकाळी घड्याळ बंद पडले आहे असे समजून हलवून पाहिले. त्यानंतर मुदत पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढत गेली. अपस्माराचे किंवा द्विध्रुवी मनोविकाराचे रुग्ण आणि ज्यांना दिवसा वाहन चालवावे लागते त्यांनी हे तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये, असे मला बजावून सांगितले होते.

दुसरा उपाय त्याहूनही उलटा वाटणारा, तो म्हणजे व्यायाम. कर्करोगातल्या थकव्यावर काय चालते याचा शोध घेणाऱ्या ११३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले होते. त्यात औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसोपचार यांचा परिणाम स्पष्टपणे सरस दिसला. पुढे २०१९ साली तज्ज्ञांनी जी शिफारस केली तिचे सार असे, की आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल अशा गतीने केलेला व्यायाम दोन-तीन महिने टिकवला तर थकवा कमी होतो. मी सात मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात केली आणि सातव्या मिनिटाला रडले. सांध्यांसाठी मात्र चालण्याबरोबर वजनांचा व्यायामही हवा होता. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांमुळे सांधे दुखणाऱ्या १२१ स्त्रियांवर अमेरिकेत वर्षभराची एक चाचणी झाली होती. त्यात आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि दोन वेळा वजनांचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचे सर्वांत तीव्र दुखणे २९ टक्क्यांनी कमी झाले. वजन उचलले तर हाताला सूज येईल अशी मला घरातून आणि बाहेरून धास्ती घातली गेली होती. काखेतल्या गाठी काढलेल्या प्रत्येकीला ती घातली जाते. पण आधीच हाताला सूज असलेल्या स्त्रियांनीही हळूहळू वाढवत नेलेली वजने देखरेखीखाली उचलली तर सूज वाढत नाही, हे २००९ सालच्या एका चाचणीत दिसलेले आहे. मी अर्ध्या किलोपासून सुरुवात केली.

औषधांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तो डॉक्टरांचा प्रांत आहे. गरम लाटा, मज्जातंतूंचे दुखणे आणि सांधेदुखी यांसाठी नैराश्यावरच्या गटातली काही औषधे कमी मात्रेत देतात. मला ड्युलोक्सेटिन दिले गेले आणि दंडाची आग निम्म्यावर आली. पण टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची दुसरी गोळी घेणाऱ्या स्त्रियांनी एक गोष्ट अवश्य विचारून घ्यावी. पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही याच प्रकारची औषधे यकृतातले जे विकर (एन्झाइम) अडवतात, त्याच विकराच्या मदतीने टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार होत असते. झोपेसाठी किंवा मनासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर आपण टॅमॉक्सिफेन घेतो हे त्यांना स्वतःहून सांगावे. त्यांच्या समोर आपली संपूर्ण फाइल असेलच असे नाही.

‘मन खंबीर ठेव, सगळे ठीक होईल’ असे म्हणणाऱ्यांविषयी मला एवढेच म्हणायचे आहे, की खंबीर मनाला सुद्धा रात्री दोन वाजता घाम फुटतो. मला खरा उपयोग झाला तो माझ्या मुलीच्या एका सवयीचा. ती संध्याकाळी ‘कशी आहेस’ असे विचारणे सोडून ‘आज किती’ असे विचारू लागली. मी तीन आकडे सांगत असे आणि त्यावर ती काहीही बोलत नसे. चार-सात-पाच. तीन-पाच-सहा. ‘ठीक आहे’ या शब्दांमागे मला लपता येत होते. आकड्यांमागे येत नव्हते.

आता तिसरी वही चालू आहे. झोप बहुतेक रात्री सहा तासांच्या वर असते, थकव्याचा आकडा दोन-तीनच्या आसपास असतो, आणि दंडाची ती तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. महिन्यातून एखादी रात्र जुन्यासारखी जाते आणि दुसऱ्या दिवशी दुखण्याचा आकडा चढतो, तेव्हा मी दुपारी आडवी न होता वीस मिनिटे चालून येते आणि त्या दिवसापुढे एक फुली मारते. पुढच्या तपासणीची तारीख वहीच्या आतल्या पानावर लिहिली आहे आणि तिच्याखाली विचारायचा प्रश्न. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सकाळचा आखडलेपणा गेले पाच आठवडे चारच्या खाली आलेला नाही, तेव्हा लेट्रोझोल बदलून त्याच गटातली दुसरी गोळी घेऊन पाहता येईल का.